घरातली ‘ऑनलाइनवाली’

आपल्या होस्टेलमधल्या प्रत्येकाला घरून एक फोन हमखास येतो. "जेवण झालं का", "सबमिशन झालं का" हे विचारून झालं की आई नाहीतर बाबा हळूच मूळ मुद्द्यावर येतात. "अगं, तो मिक्सर जरा ऑनलाइन पाहून ठेव ना. तुला कळतं त्यातलं." आणि आपण मेसच्या रांगेत उभ्या उभ्या, एका हातात ताट धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घरचा मिक्सर, बाबांचे बूट, आजीचं बीपी मोजायचं मशीन असं सगळं ऑर्डर करून टाकतो. थोडक्यात काय, तर प्रत्येक घरात एक ‘ऑनलाइनवाला’ असतो आणि बहुतेक वेळा तो होस्टेलवर राहणारा असतो.

आमच्या घरातली ऑनलाइनवाली मी. मिक्सर आणि बुटांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मागच्या वर्षी मात्र मी घरासाठी चक्क एक घरच ऑर्डर केलं. चाकांवरचं घर! म्हणजे गाडीच्या मागे जोडायचा, आत झोपायची जागा, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेला कॅम्पिंगचा ट्रेलर. तो आज आमच्या बल्लारपूरच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. एक किलोमीटरही चाललेला नाही. त्याची ही गोष्ट आहे. गोष्ट हसण्यासारखी आहे, पण तिच्यात गेलेले पैसे माझे नव्हते, म्हणून मला ती लिहावीशी वाटली.

पैसे होते मोठे बाबांचे. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बल्लारपूर म्हटलं की कागद. १९४५ साली इथे कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि तेव्हापासून या गावातल्या निम्म्या घरांचा गिरणीशी काही ना काही संबंध आला. मोठे बाबांनी तिथे ३४ वर्षं नोकरी केली. शिफ्ट सांभाळत काढलेल्या त्या वर्षांत त्यांना आपलाच मुलूख धड बघता आला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एका वहीत यादी केली. हेमलकसा, भामरागडचा संगम, मार्कंड्याची देवळं, आलापल्लीचं जंगल, सिरोंचा आणि पुढे सोमनूर. "हॉटेल नको, लॉज नको. आपलं अंथरूण, आपला स्टोव्ह. जिथं सांज होईल तिथं थांबू," असं ते म्हणायचे. मोठी आई ऐकून घ्यायची आणि वर बघून म्हणायची, "अन् ह्या स्लॅबचं काय? पावसाळ्यात गळते ते कोण पाहीन?"

तुम्ही म्हणाल, काय हे खूळ! पण तसं बघितलं तर चाकावरचं घर आपल्याला नवीन नाही. गाडी लोहारांचा अख्खा संसार बैलगाडीवर चालत आलेला आहे. इंग्रजांच्या देशात हौसेसाठी असं घर पहिल्यांदा बनवून घेतलं ते १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने. घोड्यांनी ओढायच्या त्या गाडीचं नाव होतं ‘वाँडरर’ आणि ती ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात तयार झाली होती. अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ आला, तो चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर आजही सिनेमात दिसतो. आपल्या केंद्र सरकारने २०१० मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतःचं आणलं. तेव्हा मोठे बाबांची इच्छा अगदीच हवेतली नव्हती. चूक इच्छेत नव्हती, खरेदीत होती. आणि खरेदी मी केली होती.

आता चंद्रपूर जिल्ह्यात असा ट्रेलर कुठल्या दुकानात मिळणार? आपल्याकडे हे बनवणारे मोजकेच, तेही दूरच्या मोठ्या शहरांत. म्हणून मोठे बाबांनी मला फोन केला. "बाई, तू मेकॅनिकलची. तुले विंग्रजीबी येते. जरा पाहून दे." मी एका रात्रीत पाहून दिलं. एक विक्रेता सापडला. फोटो काय सुंदर! निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर, पाईनची झाडं आणि मधे पांढरा शुभ्र ट्रेलर. खाली वजन दिलेलं, ५५० किलो. किंमत सगळं धरून ५ लाख ८५ हजार. मी त्यांच्याशी मोबाईलवर इंग्रजीतून बोलले, मेसेज केले. ते इतकं सफाईदार इंग्रजी बोलत होते की माझं अर्धं काम तिथेच झालं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, त्यामुळे हा लेख लिहितानाही मला दोनदा मैत्रिणीला शुद्धलेखन विचारावं लागलं. पण त्या शाळेने माझ्या डोक्यात नकळत एक हिशेब बसवला होता, की जो चांगलं इंग्रजी बोलतो तो माणूस भरवशाचा. त्याच आठवड्यात बाबांच्या ओळखीचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे एक भाऊ घरी आले होते. त्यांनी फोटो पाहून विचारलं, "ताई, ॲक्सल कोणता टाकला? ब्रेक हाये का याले? वजन काट्यावर करून देते का तो?" मी त्यांना म्हटलं, "काका, हे सगळं वेबसाइटवर दिलेलं असतं." दिलेलं नव्हतं. मी बघितलंही नव्हतं. पण त्यांनी ते वऱ्हाडी बोलीत आणि हाताला ग्रीस लागलेलं असताना विचारलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. लाज वाटते, पण खरं आहे.

विक्रेत्याच्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं, ‘नो पेपरवर्क हॅसल’. मी मोठे बाबांना मराठीत सांगितलं, "कागदपत्रांची कटकट नाही म्हणतात." ३४ वर्षं कागद बनवलेला तो माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कटकट नाही म्हंजे? अवं बाई, गाडीले कागद तं पाहिजेच ना." मी हसले. आपले मोठे बाबा जुन्या काळातले, असं मनात म्हटलं. एक लाख बुकिंगला दिले, बाकीचे माल निघण्याआधी बँकेतून पाठवले.

ट्रेलर आला तो आयशरच्या पाठीवर. ड्रायव्हर उतरला आणि कागदावरचं वजन बघून म्हणाला, "मॅडम, ये साढ़े पाँच सौ का तो नहीं लगता." तेव्हा मात्र माझ्यातली इंजिनियर जागी झाली. बल्लारपूरला धर्मकाट्यांची कमी नाही, कोळसा आणि लाकडाच्या गाड्या दिवसभर तोलल्या जातात. भरलेला आयशर काट्यावर घेतला, ४,३१० किलो. मग हायड्रा बोलावून ट्रेलर उतरवला, रिकामा आयशर परत काट्यावर नेला, ३,५३० किलो. वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही जमेल. ७८० किलो! म्हणजे सांगितल्यापेक्षा २३० किलो जास्त, आणि तेही आत पाणी, सिलिंडर, गाद्या, माणसांचं सामान काहीही नसताना.

आता तुम्ही म्हणाल, थोडं जड निघालं तर काय बिघडलं? बिघडतं. युरोपात ७५० किलोच्या आतल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं, त्याच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत. कारण ब्रेक नसलेला ट्रेलर थांबवायचं सगळं काम पुढच्या गाडीला करावं लागतं. आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. शिवाय आमच्या गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल याचा आकडाच दिलेला नव्हता. हे मी ट्रेलर घरी आल्यावर वाचलं!

मग मी घरातला वजनकाटा आणून ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली ठेवला. ज्या टोकाने ट्रेलर गाडीला जोडतात, त्या टोकावर किती भार येतो हे त्यातून कळतं. सर्वसाधारण नियम असा, की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे असावा. युरोपातले लोक थोडा कमी घेतात. आमचा भरला ३८ किलो, म्हणजे जेमतेम ५ टक्के. त्यातून ६० लिटरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे बसवलेली. ती भरली की मागचं पारडं आणखी जड आणि पुढचा भार आणखी कमी. असा ट्रेलर वेगात मागच्या मागे डावीउजवीकडे हेलकावे खायला लागतो. ठरावीक वेगाच्या पुढे हे हेलकावे आपोआप शांत न होता वाढत जातात, आणि शेवटी ट्रेलर गाडीलाच फिरवतो. व्हायब्रेशनच्या पेपरात ‘निगेटिव्ह डॅम्पिंग’वर आपण पाच मार्कांचं उत्तर लिहितो ना, तेच हे, फक्त आत आपली माणसं बसलेली असतात. कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांनी जरा डोळ्यांसमोर आणावं, समोरून सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक येत आहेत आणि आपल्या मागे हे डुलतं घर.

ही गोष्ट मी त्या ट्रॉलीवाल्या भाऊंना सांगितली तर ते म्हणाले, "म्हंजे उलाळ झाली ना ताई." बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला हे गाडी भरतानाच कळतं. मला सहा सेमिस्टर आणि एक वजनकाटा लागला.

खरा धक्का मात्र पुढे होता. मोठे बाबा आणि मी चंद्रपूरला आरटीओ ऑफिसमध्ये गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं बिल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात गाडी कुठे आहे?" बिलावर लिहिलं होतं, ‘पोर्टेबल केबिन, स्टील फ्रेम, १ नग’. चेसिस नंबर नाही, विक्रीचा फॉर्म २१ नाही, गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा उत्पादकाचा फॉर्म २२ नाही, मॉडेलच्या मान्यतेचा कागद नाही. साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही गाडी नाही घेतली. तुम्ही खोली घेतली. खोलीचं रजिस्ट्रेशन आम्ही नाही करत." मोठे बाबा काही बोलले नाहीत. परत येताना बसमध्ये मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदाची कटकट नव्हती म्हणत होता ना तो?"

मित्रांनो, मी नंतर कायदा वाचला. हे आधी वाचायला मला फार तर एक तास लागला असता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. त्याला इंजिन नसलं तरी तो कायद्याने वाहनच. कलम ६१ सांगतं की इतर वाहनांसारखंच ट्रेलरचंही रजिस्ट्रेशन करावं लागतं. ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर वेगळा नोंदवलेला आहे, भाड्याने द्यायचा असेल तर तो व्यापारी वाहनांत जातो. रजिस्ट्रेशन नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं तर पहिल्या वेळेला २ ते ५ हजार रुपये दंड आहे. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. नोंदच नसलेल्या ट्रेलरने कुणाला धडक दिली तर विम्याच्या कागदात तो कुठे शोधणार? तेव्हा ‘पेपरवर्क हॅसल नाही’ याचा अर्थ हॅसल विक्रेत्याला नाही, असा होता. ती त्याने कुरियरने आमच्याकडे पाठवली.

आता कुणी म्हणेल, म्हणून सांगतो, ऑनलाइन काही घेऊच नये! हे आमच्या मेसचे काकाही म्हणतात. मला ते पटत नाही. बल्लारपूरसारख्या गावात वाढलेल्या मुलीला विचारा. एंट्रन्सची जी पुस्तकं दोन-दोन आठवडे दुकानदाराच्या मागे लागून मिळायची नाहीत, ती आज तिसऱ्या दिवशी दारात येतात. आमच्या आजीचं श्रवणयंत्र, बाबांच्या जुन्या स्कूटरचा पार्ट, सगळं असंच आलं. दूर राहणाऱ्या माणसाला ऑनलाइन बाजाराने मोठ्या शहराच्या जवळ आणलं आहे. आणि दुकानात जाऊन फसलेले लोकही मी पाहिलेत. प्रश्न ऑनलाइनचा नाही. प्रश्न असा, की मिक्सर घ्यायची पद्धत आपण जशीच्या तशी वाहनाला लावतो. मिक्सर बिघडला तर चटणी होत नाही. ट्रेलर बिघडला तर माणसं मरतात. आणि मिक्सरला रस्त्यावर यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग करायचं काय? मी पाच प्रश्न काढले आहेत. ट्रेलरच नाही, ऑनलाइन घ्यायच्या कुठल्याही मोठ्या वस्तूला थोड्या फरकाने लागू पडतील.

पहिला प्रश्न, विकणारा कोण? ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांनुसार विक्रेत्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दिलंच पाहिजे. आमच्या विक्रेत्याच्या पानावर एक मोबाईल नंबर आणि बर्फाचे डोंगर, एवढंच होतं. जीएसटी नंबर मागून घ्या आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून बघा, व्यवसायाचं नाव आणि नोंदणी कधीची ते दिसतं. पैसे ज्या खात्यात मागतात ते खातं त्याच नावाचं आहे का, हेही बघा.

दुसरा, बिलावर काय लिहिणार? पैसे देण्याआधी कच्चं बिल मागा. त्यावर ‘ट्रेलर’ हा शब्द आणि चेसिस नंबर पाहिजे. फॉर्म २१ आणि २२ देणार का, मॉडेलला मान्यता आहे का, असेल तर कोणत्या संस्थेची, हे लेखी विचारा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था वाहनं तपासून सर्टिफिकेट देतात, त्याला नंबर असतो. आणि हे सगळं घेऊन आधी आपल्या आरटीओत जा, मग पैसे द्या. आम्ही उलटं केलं.

तिसरा, वजन किती? जाहिरातीतलं नाही, धर्मकाट्याच्या पावतीवरचं. रिकामं किती, भरून जास्तीत जास्त किती, आणि पुढच्या टोकावर किती. चौथा, ओढणार कोण? आपल्या गाडीच्या कंपनीकडून ओढायचा आकडा लेखी घ्या, विमा कंपनीला ट्रेलरबद्दल आधी कळवा. पाचवा, ताबा कसा घेणार? शेवटचा हप्ता वस्तू बघितल्यावरच. अमेरिकेत लोक ट्रेलर ताब्यात घेण्याआधी आत तास-दोन तास घालवतात, नळ सोडतात, दिवे लावतात, गळती बघतात. प्रवासाचे एक-दोन हजार वाचवायला आम्ही कुणी गेलो नाही आणि पावणेसहा लाख न बघता पाठवले.

यात सहावा प्रश्न आपल्या हवेचा. फोटोत पाईनची झाडं होती. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पातळ पत्र्याच्या त्या डब्यात बिना एसीचं बसून दाखवावं, मी विक्रेत्याला चहा पाजते. आणि ‘जिथं सांज होईल तिथं थांबू’ हे बर्फाच्या डोंगरात ठीक असेल, आपल्या जंगलाच्या कडेला वाघ आहेत. मुक्काम कुठे करायचा, तिथे परवानगी आहे का, वीज-पाणी आहे का, हे वहीत जागांच्या नावांसमोर आधी लिहायला हवं होतं.

आता आमच्या ट्रेलरचं पुढे काय झालं ते सांगते. विक्रेत्याने आधी ‘पाहतो’ म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. (कुणी सरळसरळ पैसे घेऊन पळाला असेल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा, तो सायबर फसवणुकीसाठी आहे.) त्यातून काही निघालं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्याने एक फार चांगली सोय केली आहे. विक्रेता कुठल्याही शहरात असो, आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आमची त्याच्या वर असल्याने २०० रुपये लागले. वकील लागतोच असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तक्रारीचा मजकूर मी आधी मराठीत लिहिला आणि मोठे बाबांना वाचून दाखवला. या वेळी एकही वाक्य मी त्यांच्या वतीने समजून घेतलं नाही. प्रत्येक ओळीला विचारलं, "हे बरोबर आहे ना?" त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि दोन्ही बरोबर होत्या. त्यात धर्मकाट्याच्या दोन्ही पावत्या जोडल्या. निकाल अजून लागायचा आहे. तारखा पडत आहेत.

दरम्यान स्लॅबचं काम राहिलं. या पावसाळ्यात मोठी आईने चार ठिकाणी भांडी लावली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. ट्रेलरमध्ये आता माझा चुलत भाऊ दहावीचा अभ्यास करतो. त्याचं म्हणणं, आत शांत वाटतं. संध्याकाळी मोठे बाबा त्याच्या पायरीवर चहा घेऊन बसतात, ती वही अजून त्यांच्या खिशात असते. मागच्या रविवारी ते म्हणाले, "चाल, एसटीनंच जाऊन येऊ भामरागडले." आम्ही जाणार आहोत. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे, आणि मोठे बाबांनी तो अजून पाहिलेला नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या आईवडिलांना सगळं कळत नाही असं आपल्याला वाटतं. त्यांना स्क्रीनवरचं इंग्रजी कदाचित कळत नसेल, पण काय विचारायचं ते बरंच कळतं. मोठे बाबांनी कागद विचारला होता. ट्रॉलीवाल्या भाऊंनी ब्रेक आणि वजन विचारलं होतं. दोन्ही प्रश्न बरोबर होते, ते पुढे पोचवायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. घरच्यांनी आपल्या हातात फोन दिला याचा अर्थ त्यांनी आपल्याला हमाल केलं नाही, वकील केलं. तेव्हा पुढच्या वेळी घरून "जरा पाहून दे" असा फोन आला, तर ‘बाय नाऊ’वर अंगठा ठेवण्याआधी एवढंच करा. घरच्यांचे सगळे प्रश्न एका कागदावर लिहून घ्या, विक्रेत्याला एकेक करून विचारा, आणि सगळ्यांची उत्तरं लेखी येईपर्यंत पैसे पाठवू नका. कुणी म्हणालं की कागदाची कटकट नाही, तर सरळ फोन ठेवा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)